कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? मालकांना काय विचारायचं, कुठे सावध राहायचं: रोजच्या वापरासाठी गाडी निवडण्याची पूर्ण वाट

माझा रोजचा रस्ता धायरी ते हिंजवडी. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, मग बाणेरच्या पुढे वाकड. जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर. सकाळी तासभर लागतो, संध्याकाळी दीड तासही कमी पडतो. आमची जुनी छोटी गाडी अकरा वर्षांची झाली होती आणि आईला गुडघ्यांमुळे त्या खोल सीटवरून उठताना हात धरावा लागायचा. म्हणून थोडी उंच, पण पार्किंगमध्ये मावेल अशी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायचं ठरलं.

चार महिने शोधाशोध केली आणि पंचवीसेक मालकांशी बोलले. सुरुवातीला डोकं पार गोंधळून गेलं होतं. एकच गाडी, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, पण एक मालक म्हणतो 'डोळे झाकून घ्या' आणि दुसरा म्हणतो 'अजिबात घेऊ नका'. मग कळलं की दोघंही खरंच बोलतायत. पहिला दर शनिवारी कोल्हापूरला जातो, दुसरा रोज सिंहगड रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतो. गाडीचं मत हे त्या माणसाच्या रस्त्याचं मत असतं. तेव्हापासून मी आधी रस्ता विचारायला लागले आणि गाडीबद्दल नंतर.

मी कोणती गाडी घेतली ते इथे सांगत नाही. ती माझ्या ४५ किलोमीटरचं उत्तर आहे, तुमचं वेगळं असेल. ते कसं शोधायचं एवढं सांगते.

१. आधी आठवडाभर स्वतःचा रस्ता लिहा

शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी सात दिवस वहीत किंवा मोबाइलवर नोंद ठेवा:

- रोज किती किलोमीटर, आणि त्याला किती वेळ
- त्यातला किती भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो
- गाडीत रोज किती जण असतात, आणि मागच्या सीटवर कोण (लहान मूल? आई-वडील?)
- महिन्यातून किती वेळा घाट किंवा हायवे
- गाडी रात्री कुठे उभी राहते

शेवटचा मुद्दा बहुतेकजण विसरतात. पार्किंग टेपने मोजा. या गटातल्या जवळपास सगळ्या गाड्या लांबीला ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास असतात. अडचण रुंदीची होते. टाटाची नेक्सॉन १,८०४ मिलिमीटर रुंद आहे आणि यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. दोन खांबांमध्ये उभी केल्यावर दार उघडून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि बाहेर पडणारी व्यक्ती गुडघेदुखीची असेल तर दार पूर्ण उघडायला हवं. सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग असेल तर उंचीची आणि वजनाची मर्यादा सेक्रेटरींना विचारून घ्या. आमच्या शेजारच्या इमारतीत एका कुटुंबाची नवी गाडी वरच्या पाळण्यात बसलीच नाही. आता ते दुसऱ्या गल्लीत महिन्याच्या भाड्यानं जागा घेऊन ती लावतात.

२. गाड्यांची नावं नंतर, इंजिन आणि गिअरबॉक्स आधी

या गाड्या चार मीटरच्या आत का असतात, हे एकदा समजलं की किमतींचा गोंधळ कमी होतो. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा कर कमी झाला. अट होती लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. ती चौकट आजही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. म्हणून बहुतेक कंपन्या १.० किंवा १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन देतात. मारुतीच्या ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत असली तरी इंजिन १.५ लिटरचं पेट्रोल आहे, त्यामुळे ती ४० टक्क्यांत जाते.

आता मालकांच्या बोलण्यातले शब्द समजण्यापुरती ओळख.

ब्रेझात चार सिलिंडरचं, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलून ताकद वाढवणारा पंखा) नसलेलं इंजिन आणि जुन्या पद्धतीचा, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळतो. नेक्सॉनमध्ये तीन सिलिंडरचं १.२ टर्बो पेट्रोल किंवा १.५ डिझेल असतं. ह्युंदाईची व्हेन्यू आणि कियाची सोनेट यांच्यात साधं चार सिलिंडरचं १.२, तीन सिलिंडरचं १.० टर्बो आणि १.५ डिझेल असे तीन पर्याय दिसतात. महिंद्राच्या थ्री एक्सओत १.२ टर्बो पेट्रोल आणि १.५ डिझेल, स्कोडाच्या कायलॅकमध्ये फक्त १.० टर्बो पेट्रोल. मारुतीच्याच फ्रॉंक्समध्ये साधं १.२ आणि १.० टर्बो. निसानची मॅग्नाइट आणि रेनोची कायगर यांच्यात १.० लिटर, टर्बोसह किंवा टर्बोशिवाय. टाटाची पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर आकारानं आणखी लहान, पण अनेकांची रोजची गरज त्यांत भागते, म्हणून त्यांना यादीतून आधीच काढू नका.

यातल्या बऱ्याच गाड्या आपल्याकडेच बनतात. नेक्सॉन रांजणगावला, थ्री एक्सओ नाशिकला, कायलॅक चाकणला, नवी व्हेन्यू तळेगावला. त्यामुळे पुण्या-नाशकात प्रत्येकाचा कोणीतरी भाऊ किंवा मामा 'आतल्या गोटातला' असतो. त्याला गाडी कशी बनते ते माहीत असतं, पण तीन वर्षं रोज चालवल्यावर ती कशी वागते हे बहुधा माहीत नसतं. मत घ्या, पण ते कोणत्या खात्यातलं आहे हे लक्षात ठेवा.

३. योग्य मालक कुठे सापडतात

सगळ्यात चांगली जागा म्हणजे सर्व्हिस सेंटरची वेटिंग रूम, शनिवारी सकाळी. लोक दीड-दोन तास रिकामे बसलेले असतात आणि मनापासून बोलतात. एक सावधगिरी बाळगा. तिथे तक्रार घेऊन आलेले जास्त भेटतात, म्हणून फक्त तिथल्यांवर मत बनवू नका. दुसरी जागा तुमची सोसायटी आणि ऑफिसचं पार्किंग. वॉचमनकाकांना कोणाची कुठली गाडी आणि ती किती वेळा बंद पडते, हे नेमकं ठाऊक असतं.

शक्यतो दीड ते चार वर्षं जुनी आणि २०,००० ते ६०,००० किलोमीटर चाललेली गाडी असलेल्यांना गाठा. दोन महिन्यांच्या मालकाचे नव्याचे नऊ दिवस चालू असतात. सात वर्षांच्या मालकाकडे बहुधा वेगळंच इंजिन असतं, कारण एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आल्यावर अनेक गाड्यांची इंजिनं बदलली. एका मॉडेलचे किमान पाच मालक तरी हवेत, आणि त्यातले दोन तुमच्यासारख्याच रस्त्यावर चालवणारे.

आणि फक्त चालवणाऱ्याशी बोलू नका. मागे बसणाऱ्या काकूंना विचारा. मला सगळ्यात उपयोगी माहिती अशाच एका काकूंनी दिली: 'मधल्या सीटवर बसलं की पाठीला आर्मरेस्ट टोचतो, म्हणून आम्ही चौघंच जातो.' कुठल्याही माहितीपत्रकात हे सापडलं नसतं.

४. 'गाडी कशी आहे?' असं विचारू नका

ज्यानं बारा लाख घातलेत तो 'मस्त आहे' असंच म्हणणार. स्वतःच्या निर्णयाला कोणी सहज वाईट म्हणत नाही. म्हणून मत न मागता घडलेलं विचारा. माझे ठरलेले प्रश्न हे होते:

- दादा, रोज कुठून कुठे जाता? किती वेळ लागतो?
- मागच्या महिन्यात पेट्रोलवर किती खर्च झाला?
- नियमित सर्व्हिस सोडून गाडी वर्कशॉपला किती वेळा नेली? कशासाठी?
- शेवटच्या सर्व्हिसचं बिल किती आलं? त्यात तुम्ही न सांगितलेलं काय होतं?
- टायर किती किलोमीटरला बदलले?
- पावसाळ्यात कुठून पाणी येतं का? काच धुकते का?
- घरातलं कोण ही गाडी चालवायला नाही म्हणतं, आणि का?
- आज परत घ्यायची झाली तर हेच व्हेरियंट घ्याल का?

शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. 'गाडी हीच, पण व्हेरियंट एक खालचं' किंवा 'गाडी हीच, पण मॅन्युअल नको होती' ही उत्तरं मला वारंवार मिळाली. सनरूफबद्दल विचारलं तर बहुतेकांनी उन्हाळ्यात पडदा लावूनच ठेवतो असं सांगितलं. मागच्या एसी व्हेंटबद्दल मात्र ज्यांच्याकडे आहे ते सगळे खूश आणि ज्यांच्याकडे नाही ते सगळे हळहळणारे.

एका वेटिंग रूममध्ये साठीच्या काकांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं आठवतंय.

"काका, मायलेज किती देते?"

"अठरा."

"टाकी फुल करून मोजलंत का?"

"नाही हो, समोर स्क्रीनवर दिसतं की."

"आणि रोज कुठे जाता?"

"रोज कुठे? मी रिटायर झालोय. महिन्यातून दोनदा गावी, फलटणला."

काका खरंच सांगत होते. पण त्यांचे अठरा म्हणजे रिकाम्या रस्त्याचे अठरा. माझ्या रस्त्यावर त्या गाडीचे बारा होणार हे तेवढ्या बोलण्यात कळलं.

५. ऐकलेलं चाळून घ्या

*मायलेज.* कंपनी जो आकडा सांगते तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा असतो. पुण्यात ज्या टेकडीवर आपण फिरायला जातो, तिथल्याच संस्थेचा. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेगांच्या क्रमानं काढतात. त्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला होतो. तुमच्या खिशाचा हिशेब त्यावर मांडू नका. खरं मायलेज एकाच पद्धतीनं मिळतं. पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. ४१२ किलोमीटरला ३२.६ लिटर लागले तर १२.६. असं लागोपाठ तीनदा केलेल्या मालकाचाच आकडा वहीत लिहा. टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये हा आकडा पायावर फार अवलंबून असतो. हळुवार चालवणाऱ्याला चौदा आणि घाईवाल्याला दहा, हे एकाच गाडीत होतं.

*'पिकअप नाही' आणि 'पिकअप भन्नाट आहे'.* टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर (इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना) जोर थोडा उशिरा येतो. हायवेवर ओव्हरटेक करताना ती गाडी भन्नाट वाटते. पण स्पीडब्रेकर ओलांडून दुसऱ्या गिअरमध्येच पुढे काढायला गेलात की अडखळते आणि पहिला टाकावा लागतो. माझ्या रस्त्यावर एका बाजूने एकोणीस स्पीडब्रेकर आहेत, मी मोजलेत. टर्बो नसलेलं मोठं इंजिन अशा ठिकाणी शांतपणे ओढतं, पण पाच माणसं बसवून खंबाटकी चढताना गिअर खाली घ्यावा लागतो. तुमच्या वहीत काय जास्त आहे, स्पीडब्रेकर की घाट, ते बघा.

*'थरथर जाणवते'.* तीन सिलिंडरच्या इंजिनाला सिग्नलवर उभं असताना थोडी थरथर असतेच, तो बिघाड नाही. काहींना पहिल्या दिवसानंतर जाणवतही नाही, काहींना वर्षभर खुपते. हे दुसऱ्याच्या मतावर ठरत नाही. स्वतः बसून दहा मिनिटं सिग्नलसारखी गाडी उभी ठेवून बघा.

*ऑटोमॅटिक.* 'ऑटोमॅटिक' या एका शब्दामागे चार वेगळी यंत्रं आहेत आणि मालकांच्या मतातला निम्मा गोंधळ इथूनच येतो. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं. स्वस्त, मायलेज चांगलं, पण गिअर बदलताना मान किंचित पुढे-मागे होते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, म्हणून चाल एकदम सलग, पण जोरात दाबलं की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. टॉर्क कन्व्हर्टर गर्दीत सगळ्यात निर्धास्त, पेट्रोल थोडं जास्त पितो. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आलटून-पालटून काम करतात, म्हणून तो सगळ्यात चपळ, पण कोरड्या क्लचचा असेल तर चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं आणि इंच-इंच रांगणं त्याला सोसत नाही, तापतो. तुमचा दिवस गर्दीतच जाणार असेल तर पहिल्यांदा ड्युअल क्लचच्या अशा मालकांना शोधा ज्यांचे ३०,००० किलोमीटर शहरात झालेत. ते काय सांगतात ते नीट ऐका.

*डिझेल.* हा मुद्दा कळकळीनं सांगते, कारण घरातच घडलाय. माझ्या धाकट्या दिरानं ऑफिसातल्या मित्राच्या सांगण्यावरून डिझेल गाडी घेतली. मित्र आठवड्याला सातशे किलोमीटर हायवेवर फिरणारा. दीर कोथरूड ते शिवाजीनगर, जेमतेम सात किलोमीटर. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून साधारण साठच्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. सात किलोमीटरच्या सिग्नलच्या रस्त्यावर ते कधीच होत नाही. दिवा लागायचा, ताकद कमी व्हायची, सव्वा वर्षात तीनदा वर्कशॉप. शेवटी तो दर रविवारी सकाळी फक्त फिल्टर साफ व्हावा म्हणून बायपासवर चक्कर मारायला लागला. गाडीत दोष नव्हता आणि मित्रही खोटं बोलला नव्हता.

डिझेलचा हिशेबही मांडून बघा. माझे महिन्याचे १,०५० किलोमीटर. पेट्रोलवर १२.५ आणि डिझेलवर १७ धरलं, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर महिन्याला सुमारे ३,२०० रुपये वाचतात. गाडी ऑन-रोड दीड लाखानं महाग पडत असेल तर ते भरून यायला चार वर्षं. महिन्याला दोन हजार किलोमीटर असतील तर दोन वर्षं. तुमचे आकडे घालून बघितल्याशिवाय डिझेलला हो म्हणू नका.

सीएनजीचं गणित खर्चात जिंकतं, पण दोन प्रश्न विचारा: तुमच्या रस्त्यावरच्या पंपावर रांग किती असते, आणि डिकी किती उरते? एकच मोठी टाकी असलेल्या गाडीत बॅग ठेवायला जागा राहत नाही. नेक्सॉनसारख्या गाडीत दोन छोट्या टाक्या तळाला बसवल्यामुळे बरीच डिकी वाचते. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (तो दाब सोसतो का याची तपासणी) करून घ्यावी लागते.

*सेफ्टी.* मालकाचं 'पत्रा जाड आहे' हे मत बाजूला ठेवा. दार बंद होतानाच्या आवाजावरून काही कळत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची टक्कर-चाचणी आपल्याकडे सुरू झाली आहे. नेक्सॉन, थ्री एक्सओ, कायलॅक यांना त्यात पाच तारे मिळाले आहेत. तुम्ही बघत असलेल्या गाडीची चाचणी झाली आहे का आणि लहान मुलांच्या गटात किती तारे आहेत, ते पाहा. तारे जरूर बघा, पण मागच्या मधल्या सीटला तीन टोकांचा पट्टा आणि लहान मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक तुमच्याच व्हेरियंटमध्ये आहेत का, हे हात लावून तपासा.

६. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

शोरूमवाले ठरलेल्या गुळगुळीत तीन किलोमीटरच्या फेरीवर नेतात. नम्रपणे नाही म्हणा. संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा आणि गाडी घरी बोलवा. बहुतेकजण तयार होतात. नसतील तर दुसरं शोरूम बघा. सोबत घ्या: मोजपट्टी, घरातली सगळी माणसं, मुलाची कार सीट, आणि गावी नेता ती मोठी बॅग.

बघायचं ते असं. सोसायटीच्या बेसमेंटच्या चढावर गाडी मध्येच थांबवून परत काढा. पाच जण बसवून सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरवरून न्या, तळ घासतो का ऐका. उजवीकडे वळताना गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबामागे पायी चालणारा माणूस लपतो का बघा. काही गाड्यांत हा खांब फार जाड आहे. अंधार पडल्यावर दिव्यांचा प्रकाश रस्त्यावर कुठे पडतो ते पाहा. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तीनदा चढायला-उतरायला सांगा. आईनं ज्या गाडीच्या बाबतीत 'हात नको गं, मी उतरते' म्हटलं, ती यादीत राहिली. मला जी सगळ्यात आवडली होती ती तिथेच बाद झाली.

७. कोटेशन: ऑन-रोडमध्ये काय काय लपतं

लेखी, ओळीवार कोटेशन घ्या. तोंडी आकड्याला अर्थ नाही. त्यात या ओळी असतात: एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत), रोड टॅक्स, विमा, टीसीएस (शोरूम बिलासोबतच वसूल करतं तो इन्कम टॅक्सचा भाग), फास्टॅग, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांत १२ टक्के एकरकमी कर लागतो. डिझेलला अनुक्रमे १३ आणि १४ टक्के. म्हणजे ९.९० लाखांच्या पेट्रोल गाडीला १,०८,९०० रुपये आणि १०.१० लाखांच्या गाडीला १,२१,२०० रुपये. शिवाय दहा लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएस. टीसीएस इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मागता येतो, रोड टॅक्स नाही. एका रंगासाठी किंवा फॅन्सी पॅकसाठी दहा लाखांची रेघ ओलांडत असाल तर खरा फरक किती ते बघा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. मी बाहेरून तीन कोटेशन आणली, ती दाखवल्यावर शोरूमचाच विमा अठरा हजारांनी खाली आला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याच्या जोडीला झिरो डेप (सुट्या भागांची किंमत घसारा न कापता मिळते) आणि इंजिन प्रोटेक्ट घ्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात होत्या. बुडलेली गाडी चालू करून बघितली आणि इंजिनात पाणी गेलं तर साधा विमा ते नुकसान देत नाही.

'हँडलिंग चार्ज' किंवा 'लॉजिस्टिक्स' अशी ओळ दिसली तर कोणत्या नियमाखाली ते लेखी मागा. माझ्या कोटेशनमधून ती ओळ दुसऱ्या दिवशी निघून गेली. ॲक्सेसरीजमध्ये फ्लोअर मॅट आणि मडफ्लॅप पुरेत. सीट कव्हर घ्याल तर बाजूच्या एअरबॅगची शिवण मोकळी राहील असंच घ्या.

८. कागदपत्रं

तुमच्याकडून: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो. कर्ज असेल तर तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आधारवर जुना पत्ता असेल तर बुकिंगच्या आधीच बदलून घ्या, नाहीतर आरटीओ नोंदणी अडकते.

शोरूमकडून घ्यायचं: टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा कंपनीचा दाखला), विमा पॉलिसी, रोड टॅक्सची पावती, वॉरंटीचं पुस्तक, दोन्ही किल्ल्या. बुकिंगची रक्कम परत मिळण्याच्या अटी पावतीवरच लिहून घ्या.

९. नोंदणीच्या आधी गाडी तपासा

हा क्रम चुकवू नका. एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली की गाडी नाकारणं फार अवघड. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी आणि नोंदणीआधी, दिवसाउजेडी, यार्डात जाऊन तीच गाडी बघा.

चासिस नंबरचा फोटो काढा आणि तो इन्व्हॉइसशी जुळवा. उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म २१ वर असतो. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर सारख्याच सुमारास बनलेले असावेत. दारांच्या कडा, बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का बघा, रंगात लाटा दिसत असतील तर वाकून उजेडाच्या दिशेने पाहा. स्टेपनी, जॅक, पाना जागेवर हवेत. प्रत्येक बटण दाबा: काचा, वायपर, मागचा कॅमेरा, एसी पूर्ण थंडीवर दहा मिनिटं. मला मागच्या उजव्या दारावर बारीक पोचा दिसला. त्यांनी 'पॉलिश करून देतो' म्हटलं, मी दुसरी गाडी मागितली आणि नऊ दिवसांनी मिळाली. ते नऊ दिवस थांबल्याचं मला अजून समाधान आहे.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. मुहूर्त गाठायच्या घाईत, विशेषतः दसरा-पाडव्याला, हीच गोष्ट सुटते. मुहूर्तावर पूजा शोरूममध्येच करा, गाडी दोन दिवसांनी आणा.

१०. पहिला महिना

पहिले हजार किलोमीटर एकाच वेगात लांबवर पळवू नका आणि इंजिन फार ताणू नका. गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळा. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे फक्त मजुरी मोफत, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात, हे आधीच धरून चाला. सर्व्हिसला जाताना तक्रारी कागदावर लिहून न्या, जॉबकार्डावर त्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि 'इंजिन फ्लश', 'एसी सॅनिटायझेशन' असल्या जादा ओळी नको असतील तर सही करण्याआधी खोडायला सांगा.

आरसी घरी पोस्टानं येते. पाकीट उघडल्यावर लगेच नावाचं स्पेलिंग, चासिस नंबर, इंधनाचा प्रकार आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव तपासा. माझ्या आरसीवर आडनावात एक अक्षर चुकलं होतं आणि आठवड्यात कळवल्यामुळे शोरूमनंच ते दुरुस्त करून दिलं. कर्ज फिटेल त्या दिवशी बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत मागून घ्या. आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी आरटीओकडे अर्ज आपल्यालाच करावा लागतो.